पिशवीवरची छत्री

कट्टा बाजाराच्या स्टँडवर एसटीतून उतरला की तो आधी छत्री उघडायचा आणि हातातल्या कापडी पिशवीवर धरायचा. स्वतःचं टक्कल उन्हात. तुम्ही हसला असतात, आम्हीही हसायचो.

"अहो, छत्री डोक्यावर धरा," मी एकदा म्हटलं.

"माका ऊन बाधणा नाय, वयनी. तेंका बाधता. जिते आसत ते!"

ते म्हणजे जिवाणू. ऐंशीच्या दशकात तो आमच्या गावाला शेतीखात्याचा माणूस होता. मूळचा आरोंद्याचा, आमच्या पडवीत भाड्याने राहायचा. पिशवीत काळ्या भुकटीची पाकिटं असत. त्यातले जिवाणू कुळथाच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात, असं तो जीव तोडून सांगायचा.

मी तेव्हा बी.ए. झालेली दीडशहाणी सून. जिवाणू म्हणजे रोगराई, एवढीच माझी विद्वत्ता! त्याने पाकिटं गारव्याला मडक्याशेजारी ठेवली, तर बाईसाहेब, म्हणजे मीच, भोवती फिनेल शिंपडून आल्या. त्याने पिशवी उचलून पोटाशी धरली. "वयनी, पावण्यांका वीख घालतास?"

बियाण्याला गुळाचं पाणी लावून ती भुकटी चोळायची. सासूबाई बघत बसल्या. "बियाण्याक गूळ, नि आमका चाय बिनसाखरेची काय रे?" पण आपल्याकडे काहीही ओलं झालं की खळ्यात उन्हात पसरायचं, त्यांनी बियाणंही पसरलं. तो ओरडतच धावला, "आये, सावलेत गो, सावलेत!" आणि स्वतःची चादर बांधून त्याने बियाण्यावर मांडव घातला.

त्या वर्षी कुळीथ उपटून गाठी नखाने फोडून दाखवत तो शेतोशेत फिरला. "बघा, आत तांबडां! काम चालू आसा तेंचा."

पुढच्या वर्षी पाकिटं आली आणि त्याच्या खात्याच्या साहेबांनी अडवून ठेवली. कुणा बड्या पाहुण्यांच्या हस्ते वाटप व्हायचं होतं. पाहुणे काही येईनात. ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या गोणींखाली ती पाकिटं भाजत पडली. हा रोज जाऊन भांडायचा. साहेब म्हणायचे, "अहो, डोळ्यांना दिसत नाही त्याचं मेलं-जगलं कोण बघतंय? वाटून मोकळे व्हा."

अखेर समारंभ झाला. पाहुण्यांचे हार ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले होते. हार, बरं का! अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पहिलं पाकीट पुढे झालं आणि तो उठला. "साहेब, ही मेलेली आहेत." मग आमच्याकडे वळून, "लावू नकात. मेले सगळे."

पाहुणे हसले. फोटो निघाले. लोकांनी पाकिटं घेतली, लावली, आणि त्या कुळथाला गाठी धरल्या त्या दोन-चार, फिकट. "तुझे जिवाणू खंय गेले रे?" असं गाव विचारू लागलं, ते साहेबांना नव्हे, त्याला! साहेबांना शाबासकी मिळाली आणि याची बदली झाली, विजयदुर्गाकडे.

मी त्याला कट्ट्याच्या स्टँडवर पोचवायला गेले. रणरणतं ऊन. पिशवीत नुसते कपडे, छत्री मिटून काखेत.

"उघडा हो ती."

"आता कोणासाठी, वयनी?"

मी ती हिसकावली आणि त्याच्या टकलावर उघडली. एसटी येईपर्यंत धरून उभी राहिले. परक्या पुरुषावर छत्री धरणारी सून बघून बाजाराने काय बोलायचं ते बोलून घेतलं. बोलू दे. त्या गावात सावली कुणावर धरायची, हे आधी कुणाला कळलं होतं?