गणपत शिंप्याची काळोखाची कोठी

भर दुपारी मी गणपत शिंप्याच्या कोठीचं दार ढकललं आणि त्याच्या हौसामावशीचा चेहरा कायमचा नाहीसा झाला. मावशी स्वतः धडधाकट, अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. उजेड लागून नाहीसा झाला तो थाळीत धुवायला घातलेल्या फिल्मवरचा.

माझी चूक म्हणाल तर एवढीच, की मी मालवणचा. आमच्याकडे दिवसाउजेडी दार बंद दिसलं की आत कोणीतरी आजारी, नाहीतर त्याहून वाईट, असं धरून माणूस सरळ आत घुसतो. दार वाजवणं आम्हाला फक्त सावंतवाडीच्या कचेरीत ठाऊक.

"कोण गेला रे?" मी विचारलं.

"माझी फिलीम," गणपत म्हणाला.

त्या महिन्यात दार ढकलणारा मी चौथा. माझ्याआधी एकीने तर तापावरचा काढाच आणला होता.

गणपत माझ्या वर्गातला. मी मास्तर झालो, तो शिंपी. अठ्ठावन्न साली त्याच्या खलाशी मेव्हण्याने त्याला कॅमेरा आणून दिला. सोबतची पुस्तिका जर्मन. तेव्हा गणपत आपल्या अकलेने शिकू लागला. बेचाळीसची छाती छत्तिसाहून मोठी, तसं भिंगावरच्या मोठ्या आकड्याला उजेड आत घेणारं मोठं भोक, हा त्याचा शिंपीहिशेब. सहा महिने फोटोत ओटीवरची माणसं डांबरात बुडाली आणि वाळूवरच्या होड्या चुन्यात विरघळल्या. शेवटी त्याने रिकाम्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून भोकाला डोळा लावला.

"आकडो वाढता तसा भोक बारीक होता," तो संतापून मला म्हणाला. "ह्या हिशेबान सदरो शिवलंय, तर गिऱ्हाईक माका जिवंत ठेवीत?"

एक गोष्ट मात्र त्याला पहिल्यापासून जमली. माणूस किती फुटांवर आहे ते भिंगाची कडी फिरवून कॅमेऱ्याला सांगावं लागे. गणपत गळ्यातली टेप काढून थेट समोरच्याच्या नाकाला लावी.

हौसामावशीचा मुलगा शिवा मुंबईला गिरणीत. चार वर्षांत आला नव्हता. प्रत्येक पत्रात एकच ओळ, आयेचो फोटो धाडा. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणून मावशी बसायला तयार नव्हती. तीन महिन्यांनी कशीबशी बसली, तर नाकाशी टेप.

"मेल्या, माप कसला घेतंस? तिरडयेचा?"

"साडेचार फूट," गणपत म्हणाला.

ती बैठक मी पाण्यात घालवली. त्या दिवशी बुधवार. शनिवारी हंगामातली शेवटची आगबोट, आणि तिने मुंबईला जाणारा शेजारचा भाई शिवाला ओळखणारा. ती चुकली की पावसाळा संपेपर्यंत मुंबईला जाणारं भरवशाचं माणूस नाही.

"रात्री धुवत जा मरे," मी म्हटलं.

"अर्धो तास पाणी लागता. रात्री रहाट फिरवलंय तर जानकी माका विहिरीत घालीत." जानकी त्याची बायको, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी.

मावशी म्हणाली, "एकदा बसलंय. परत बसाचंय नाय." पाप माझं, म्हणून दोन दिवस मी तिच्यापुढे सोलांसाठी रातांबे फोडत बसलो. हात मनगटापर्यंत लाल झाले. शुक्रवारी सकाळी ती पाघळली. "बसतंय. पण ह्या मास्तराक लांब ठेव."

फोटो काढून गणपत कोठीत शिरला. मी उंबऱ्यावर पहाऱ्याला. पण बंद दार आणि त्यापुढे तोंड पाडून बसलेला मास्तर, याचा वाडीने जो घ्यायचा तोच अर्थ घेतला. तासाभरात अंगणात सात बायका. यशोदाकाकूने तर सूरही लावला. आतून गणपत करवादला, "दार कोण उघडीत तर बघा." मेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर काकूने सूर आणखी वर नेला, आणि दोघी खरोखरच कडीला हात घालायला निघाल्या.

तेवढ्यात हौसामावशी पदर खोचून आडवी उभी राहिली. "रडाचा तर भायर जावन रडा. आत माझो फोटो आसा."

शनिवारी सकाळी फोटो कागदावर उतरला. मावशीची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी, आणि खाली कोपऱ्यात लोंबणारं टेपचं टोक. मावशीने तो बराच वेळ हातात धरला. "शिवा वळखीत माका," म्हणाली, आणि भाईच्या हातात दिला.

आगबोटीचा भोंगा वाजला. पहारा मी केला होता, त्यामुळे मला थोडा हक्क वाटू लागला.

"गणपत, आता माझो एक काढ."

तो टेप बोटांभोवती गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला,

"मास्तर, आधी दार वाजवूक शीक."