दोन पायऱ्या मागितल्या

पंढरीनाथ शितोळ्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत तलवार चालवायचे, असं शितोळे मंडळी प्रत्येक लग्नात सांगतात. कुणी विचारलेलं नसतं. पंढरीनाथांच्या वाट्याला तलवार काही आली नाही, जीभ आली. ती त्यांनी इंदुरात, राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात, गादीवर बसून, उभी हयात चालवली. मोरपंखी साडी मागायला आलेली बाई मोरपंखी तर घ्यायचीच, वर जावेला नारिंगी आणि सासूला फिकी अशा तीन पिशव्या घेऊन खाली उतरायची. सासूशी बोलणं बंद असलं तरीही. अख्खं लोकमान्य नगर त्यांना इंदुरी थाटात पंढरीभिया, म्हणजे पंढरीभैया, म्हणायचं. सकाळी दुधाला गेलेले पंढरीभिया दूध नासायच्या बेताला घरी यायचे, कारण वाटेत फाटकं लागायची आणि फाटकात कुणी ना कुणी उभं असायचंच.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत का होईना, चालायला लागला. उजवा हात चमच्यापुरता सुधारला. जिभेचं मात्र जमेना. डोक्यात वाक्य अख्खं तयार असायचं, घडी घातलेल्या साडीसारखं. पण बाहेर येताना एकेक शब्द सुटा, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढं अंतर की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल. फक्त समोरच्यानं थांबायला हवं."

आता इंदुरात समोरच्याला थांब म्हणायचं! इथं माणूस लाल सिग्नलला थांबत नाही. आणि लोक पुन्हा प्रेमळ. कुणाचं अडलं की हात द्यायची भारी हौस. पंढरीभियांचं वाक्य अडलं रे अडलं, की जो तो धावून यायचा आणि ते पूर्ण करून द्यायचा.

"जीरावण..." त्यांनी पोहेवाल्यासमोर सुरुवात केली.

"ज्यादा! अरे भिया, अपने को मालूम है!" पोहेवाल्यानं मसाल्याचा अर्धा डबा पोह्यांवर उपडा केला. त्यांना 'नको' म्हणायचं होतं. पहिल्या घासाला डोळे भरून आले, तर पोहेवाला शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "देखो, दुकान पे आके कैसे भावुक हो गए."

घरातही तेच. "खि..." म्हटलं की त्यांची बायको, म्हणजे कॉलनीच्या वसुंधरावहिनी, म्हणायच्या, "खिचडी ना? टाकते हं." त्यांना खिडकी बंद करून हवी असायची. मग वारं खात खिचडी खायची. वहिनींचा जीव होता त्यांच्यावर, म्हणून तर त्या सगळ्यांच्या आधी वाक्य पुरं करायच्या. हळूहळू पंढरीभियांनी वाक्यं सुरूच करायची सोडली.

अशात कॅनडाहून मुलीचा, ऋजुताचा, व्हिडिओ कॉल आला. ती नदीकाठी उभी होती. मागे ओळीनं म्हातारे बसलेले, हातात गळाच्या काठ्या. "बाबा, हे लोक सामन मासा धरायला येतात. पूर्ण दिवस बसतात, पण एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत! नवशिक्यांसाठी तर खास जागा आहेत. सपाट काठ, कठडा, गाडीपासून चार पावलांवर. आणि एकदम शांत."

पंढरीभिया त्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिले. पडद्याला नाक लागेपर्यंत.

ऋजुतानं गळाची काठी पाठवून दिली. कॉलनीला नवा विषय मिळाला. "पंढरीभिया, कॅनडाची मासळी चंबळेत कशी येणार? व्हिसा निघालाय का तिचा?" कुणी म्हणालं, साड्या नेसवायच्या राहिल्यात बहुतेक माशांना. पंढरीभिया हसायचे. अर्धा चेहरा हसायचा. सामन माळव्यात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना मासा नकोच होता. त्यांना तो काठ हवा होता.

शोध सुरू झाला. जुनी मारुती वहिनी चालवायच्या. महूच्या पलीकडे चोरल नदीवर गेले, तर तिथं दाल-बाफल्यांची पंगत आणि प्रत्येक झाडाखाली वेगळं गाणं. क्षिप्रेच्या एका घाटावर पायऱ्या उत्तम, मासे तर एवढे की पाण्याला उकळी फुटल्यासारखी. पंढरीभियांनी गळाला कणकेची गोळी लावली, तेवढ्यात एक आजी काठी उगारून आल्या. लोक तिथं माशांना पुण्यासाठी कणीक घालतात. गळ कुणी घालत नाही. एका तलावावर ठेकेदाराचा पहारेकरी निघाला. जिथं शांत होतं तिथं पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथं पाय ठरत होता तिथं माणसांचा बाजार.

शेवटी गौतमपुऱ्याच्या पुढे, एका छोट्या गावाबाहेर, चंबळेच्या काठी जागा सापडली. एक जुना अर्जुन वृक्ष, त्याखाली सपाट खडक, आणि खडकाशी संथ पाणी. गाडी वरपर्यंत यायची. शेवटचा उतार तेवढा घसरडा होता, तो पंढरीभिया बसून, सरकत उतरायचे. वहिनी वर गाडीत आसन मागं करून डुलकी काढायच्या.

मासे नाही लागले. लागला तर बोटभर, तोही सोडून द्यायचा. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला पंढरीभिया पाण्याला म्हणाले, "आज... पाणी..."

आणि थांबले. सवयीनं. पुढचं कुणीतरी म्हणेल म्हणून.

कुणीच म्हणालं नाही. अर्जुनाचं एक पान पाण्यात पडलं, गळाचं बूच हललं, पुन्हा स्थिर झालं.

"...उतरलंय," पंढरीभिया म्हणाले.

झटक्यानंतरचं त्यांचं स्वतःचं पहिलं पूर्ण वाक्य. ते त्यांनी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, ग्राहकाला पदर दाखवावा तसं हात पसरून. त्या दिवसापासून दर मंगळवारी ते नदीला काहीबाही सांगू लागले. बनारसीची जर कशी ओळखायची. पोहेवाला कसा आंधळा आहे. अंतर घटत चाललं होतं. पण घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पक्कं होऊ दे, मग वसूला एकदम ऐकवू, असं ठरवलेलं. साडीसुद्धा पुरती उलगडल्याशिवाय दाखवायची नाही, हा त्यांचा जुना नेम.

इकडे कॉलनीत बायका वहिनींना विचारायच्या, "काय हो, लागला का मासा?"

"एकच लागलाय मला," वहिनी म्हणायच्या, "तोच नेते आणि तोच परत आणते."

मग एका मंगळवारी पंढरीभिया उतारावरून घसरले. फार नाही, पण कोपर सोलवटलं आणि चष्मा पाण्यात गेला. वहिनींनी त्यांना चिखलातून ओढून काढलं आणि रडत रडत निक्षून सांगितलं, "इथं पायऱ्या झाल्याशिवाय मी गाडी काढायची नाही. सांगून ठेवते."

पायऱ्या म्हणजे किती? दोन. आणि धरायला एक कठडा. पंढरीभिया वहिनींना घेऊन पुतण्याकडे गेले. शार्दूलचं विजय नगरात प्रॉपर्टीचं ऑफिस आहे, भिंतीवर नेत्यांबरोबरचे फोटो आहेत, आणि कुठलाही अर्ज त्याच्या ओळखीशिवाय हलत नाही अशी त्याची स्वतःची समजूत आहे.

"काका! या या. बोला, क्या सेवा?"

"नदीला... दोन... पायऱ्या..."

"दोन?" शार्दूल खुर्चीतून उठला. "शितोळ्यांनी मागायच्या आणि फक्त दोन? काका, लोक काय म्हणतील! अख्खा घाट बांधू. त्या गावचा सरपंच आपलाच माणूस आहे."

"घाट..."

"मोठा! समझ गया. काकू, काकांची नजर बघा, अजून दुकानातलीच. हलका माल दाखवायचाच नाही."

वहिनी कौतुकानं हसल्या. पंढरीभियांनी टेबलावर हात आपटला. "केवढा उत्साह आहे बघा," शार्दूल म्हणाला.

घरी येऊन त्यांनी डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर संदेश लिहिला, 'फक्त दोन पायऱ्या. घाट नको.' उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं आली आणि खाली, 'संकोच करू नका काका. आपल्याच घरचं काम आहे.'

घाट झाला. पंचायतीच्या निवडणुका जवळ होत्या, म्हणून भराभर झाला. रंगीत फरशी, स्टीलचे कठडे, उंच खांबावर दिवा, आणि गावाच्या नावाची माणूसभर उंचीची लाल अक्षरं, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायला. गाड्या लावायला जागा हवी म्हणून अर्जुन तोडला. सपाट खडक सिमेंटखाली गेला.

लोकार्पणाला पंढरीभियांना प्रमुख पाहुणे केलं होतं. पंधरवडाभर ते न्हाणीघरात नळ सोडून एकच वाक्य घोकत होते. हे सगळं काढा, मला माझी जागा परत द्या. घोकून घोकून पक्कं केलं होतं. नदीवर जसं जमायचं, जवळजवळ तसं. शार्दूलनं त्यांच्या हातात माइक दिला. समोर अर्धं गाव, मागे लाउडस्पीकर.

"हे... सगळं..."

"काकांमुळे!" शार्दूल बाजूनं ओरडला. टाळ्या पडल्या.

पंढरीभियांनी मान जोरात हलवली, दम घेतला. "काढा..."

"फोटो काढा! काका म्हणतायत, फोटो काढा! आइए सरपंचजी, आइए." मंडळी बाजूला सरकली, पुढे आली, हार घातले गेले. माइक कुणाच्या हाती गेला ते कळलंही नाही. वहिनी पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी बोलले हो चारचौघांत."

पुढच्या मंगळवारी वहिनींनी आपणहून गाडी काढली. आता तर काहीच भीती नव्हती. पंढरीभिया कठडा धरून, न घसरता, न सरकता, पायऱ्या उतरले. वरच्या टपरीवर गाणं लागलं होतं. लाल अक्षरांपाशी एक वरात फोटो काढत होती. त्यांनी खालच्या पायरीवर बैठक मारली आणि काठी उघडली.

शिट्टी वाजली. पंचायतीनं घाटावर ठेवलेला माणूस आला आणि त्यानं हातातल्या दंडुक्यानंच पाटी दाखवली. पवित्र घाट. मासे धरण्यास सक्त मनाई.

"मना है काकाजी. समेटो."

पंढरीभियांच्या कपाळाची शीर फुगली. "ये घाट... मेरे..."

"बाप का नहीं है, यही ना?" तो माणूस खुशीत म्हणाला. "बिलकुल सही बोले. सब यही समझ लें तो झगड़ा ही ना हो." आणि त्यानं आदरानं हात देऊन त्यांना उठवलं.

पंढरीभिया वर आले. काठी मागच्या सीटवर टाकली. वहिनींनी गाडी सुरू केली. "केवढं सोपं झालं नाही आता? कसं वाटलं?"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. सांगायचं पुष्कळ होतं, पाण्याला सांगितलेलं सगळंच सांगायचं राहिलं होतं. वहिनी वाट बघत होत्या, ओठ अर्धवट उघडे, पुढचा शब्द तयार ठेवून.

"ठीक," पंढरीभिया म्हणाले.

एका शब्दात आटपलं की कुणाला मदतीला यायला जागा उरत नाही. हल्ली ते एवढंच बोलतात, आणि घाटामुळे माणूस कसा शांत झाला, असं कॉलनी कौतुकानं म्हणते.