ट्रेमध्ये दाखवलेला कॅन्सर

गेल्या आठवड्यात मावशीला घेऊन बुलढाण्याला गेले होते... कंबरदुखीसाठी, हाडांच्या डॉक्टरकडे. अजून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी मावशी धामणगाव बढेची. वय बेचाळीस, पण बसली की उठताना भिंत धरते. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, पाळी कधी गेली? मावशी अगदी अभिमानाने म्हणाली, "पाळी कायची... पिशवीच काढली. कॅन्सर होता मले, पिशवीच्या तोंडाचा. आमच्या डॉक्टरनं वाचोलं."

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. काही वर्षांपूर्वी अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. सकाळी कॅन्सर सांगितला, संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि त्या दिवसापासून ते डॉक्टर आमच्याकडे देवमाणूस झाले.

घरची तूर निघाली की मावशी स्वतः डाळ भरडते, चाळते, निवडते. त्यातली सगळ्यात चांगली, पिवळीधमक डाळ आधी डॉक्टरांच्या घरी जाते. घरात राहते ती चुरी! आम्ही काकांना चिडवायचो, की तुमच्यापेक्षा डॉक्टरांचा मान मोठा...

तर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट मागितला. नव्हता. नंतर कुठे तपासायला जायचात? कुठेच नाही. त्यांनी लगेच शेजारच्या लेडी डॉक्टरकडे पाठवलं.

मॅडमनी शांतपणे सगळं विचारलं, सोनोग्राफी केली. मावशीची दोन्ही अंडाशयंही काढलेली निघाली. म्हणून ऐन तिशीतच शरीरातली हार्मोन्स बंद, म्हणून ही म्हातारीसारखी हाडं... मग म्हणाल्या, तुकडा तपासल्याशिवाय हा कॅन्सर आहे असं कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. आणि खरंच असता तर पुढे वर्षानुवर्षं तपासायला बोलावलं असतं.

मावशी हसली. तिला वाटलं, मॅडमनाच कळलं नाही. "घरच्या सगळ्यायनं डोयानं पाह्यला ना मॅडम. ट्रेमधी दाखोला."

हो, दाखवला होता. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. ऑपरेशन झालं की नातेवाइकांना दारात बोलावून ट्रे समोर धरतात... बघा, किती खराब होती. मीसुद्धा तिथे होते. लालभडक काहीतरी दिसलं, आई रडायला लागली, काकांनी हात जोडले. संपला विषय.

मॅडम म्हणाल्या, चांगली पिशवीसुद्धा ट्रेमध्ये तशीच दिसते.

आम्ही नेमकं काय बघून हात जोडले होते?

परतताना मावशी एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसली होती. मोताळा मागे पडल्यावर तिने एकदाच विचारलं, "मंग मले झालं काय होतं वं?"

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकील ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी दवाखान्याकडे लेखी अर्ज करून पूर्ण फाइलची कॉपी मागा, तो पेशंटचा हक्कच आहे. मग दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत घ्यायचं आणि जिल्हा ग्राहक आयोगात भरपाईसाठी जायचं. लायसन्सबद्दलची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, ती वेगळी. पोलीस केससाठी आधी इतर डॉक्टरांचं मत लागतं, ते सोपं नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते. आम्हाला आत्ता कळलं, म्हणून ती आत्तापासून धरा असं म्हणता येईल, पण खात्री देत नाही म्हणाल्या. निदान खोटी आशा तरी लावली नाही त्यांनी.

काका म्हणाले, जाऊ दे, डॉक्टरशी वैर नको. उद्या कुणाला ताप आला तर जायचं कुठे? मला संताप आला, पण त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं.

मी अर्ज लिहून मावशीसमोर ठेवला. ती उठून स्वयंपाकघरात गेली... म्हटलं, राहिलं आता.

आत कोपऱ्यात यंदाची डाळ बांधून ठेवलेली होती, डॉक्टरांसाठी. मावशीने तिची गाठ सोडली आणि कुकर लावला. फोडणीचं वरण, भाकरी, कांदा. सगळ्यांना वाढून ती स्वतः जेवायला बसली आणि दोन घासांनंतर थांबली.

"इतकी गोड लागते आपली डाळ... मले मालूमच नव्हतं."

मग हात धुऊन आली आणि अर्जावर सही केली.

त्या मॅडमचे आभार कसे मानू कळत नाही. आणि मैत्रिणींनो, तुमच्या घरात कधी कुणाला असा ट्रे दाखवला असेल, तर रिपोर्टही दाखवला होता का... एवढं आज विचाराच.