टाकीच्या तोंडाशी

सिंगापुरात, यिशुनमधल्या आमच्या इमारतीला रंग देतायत. आज लिफ्टबाहेर तो ओला वास आला आणि मी तुआसच्या शिपयार्डातल्या माझ्या पहिल्या महिन्यात जाऊन पोचलो.

जेवणाची सुट्टी संपली होती. नुकत्याच रंगवलेल्या जहाजाच्या टाकीत उतरायला मी शिडीवर पाय ठेवला. तोंडाशी गॅस तपासल्याचा कागद लटकत होता. माझी शाळा आठवीत सुटलेली, इंग्रजी वाचता यायचं नाही, आणि ते उघडं पडेल याची सतत धाकधूक असायची.

"कागद वाचलास?" आमचे फोरमन, मालवणचे सावंतकाका, यांनी विचारलं.

"हो, काका."

"मग सांग, काय लिहिलंय?"

मी कागद हातात धरून उलटसुलट केला.

"सकाळचा आहे तो. जेवणानंतर परत तपासावं लागतं. वर ये आधी!"

त्यांनी गॅस मोजायचा मीटर टाकीत खाली सोडला, तर तो किंचाळायलाच लागला.

"येत नाही म्हणायला जीभ झडते काय रे?" काका सगळ्यांसमोर ओरडले. तेव्हा तो अपमान वाटला होता. आता वाटतं, इतक्या मायेनं मला कुणी ओरडलंच नसेल.

धाकधूक अजून होते, पण मी ती लपवत नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते विचारतो. परवा आमच्या इंजिनियरला म्हटलं, "साहेब, हे जरा समजावून सांगा." सांगता सांगता तोच अडला आणि म्हणाला, "थांबा हं, मलाही नीट बघू दे."