पोस्टरवरचं आडनाव

मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या पोस्टरचा नमुना टेबलावर सरळ केला आणि आडनावावर अंगठा ठेवला.

"हे बघा. असं किती छान दिसतं."

टोकियोत, एदोगावातलं त्यांचं घर. चहा पुढ्यात. शेजारी मंडळाचे कार्यवाह आणि खजिनदार. मी इथल्या वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहतोय. जपानचं नागरिकत्व घेतलंय, पिठाचा कारखाना आहे. आशीर्वाद मागायला गेलो होतो. अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. मीही म्हणतो.

"नुसतं पहिलं नाव ठेवा," काका म्हणाले. "आपण कुठे जातपात मानतो? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

राग आला नाही. काहीच आलं नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं. हात लावलेला कळतो, दुखत नाही.

हे पहिल्यांदा नव्हतं. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून भाजणी दळायला लागलो, तेव्हाही काकाच म्हणाले होते, "पाकिटावर आडनाव नको. खाण्याची गोष्ट आहे." मी ऐकलं. पाकिटावर 'पुणेरी' छापलं. मंडळात घरोघरी माझ्याच भाजणीच्या चकल्या होतात. खाताना माझी आठवण नको, एवढंच.

आणि बाहेर? जपानी माणूस आडनावानेच हाक मारतो. दवाखान्यात, बँकेत, पोस्टात. आडनाव आणि पुढे मानाचं 'सान'. गावात याच आडनावावर माझ्या बापाला ओट्याखाली उभं करायचे. इथे ते लपवावं लागतं फक्त मराठी माणसांत.

मी समोरच्या तिघांकडे पाहिलं. तिघेही व्हिसावर. या निवडणुकीत त्यांच्यापैकी एकालाही मत नाही. देणगीसुद्धा देता येत नाही. तरी मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो. अंग चोरून.

"आडनाव राहील, काका."

"मग मंडळाला तुमच्या मागे उभं राहता येणार नाही."

"नका राहू."

चहा तसाच ठेवून उठलो. खाली रस्त्यावर आल्यावर राग आला. बरं वाटलं. म्हणजे अजून काहीतरी जिवंत होतं.

माझा प्रचार बघणाऱ्या तानाका-सानना त्याच दिवशी सांगितलं, आडनाव मोठं करा. नव्या पाकिटांवरही तेच छापायला दिलंय. ज्याच्या घशाखाली उतरणार नाही, त्याने दुसरी भाजणी शोधावी. निवडून येईन की नाही, माहीत नाही. पडलो तर आडनावासकट पडेन.