शालूकाकूंचा राहिलेला नवस

शालूकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टुटगार्टच्या एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, फलाटावर, नवस बोलताना. गाडीला उशीर झाला होता, पाटीवरची मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. जाड कोटाखालून साडीचा काठ दिसणाऱ्या एक ठेंगण्या बाई त्या पाटीकडे बघून हात जोडून म्हणाल्या, "गणराया, गाडी आण बाबा. एकवीस दुर्वा वाहीन." मला हसू आवरेना. तेवढ्यात खरंच गाडी आली. काकू माझ्याकडे वळल्या. "मराठी ना गं तू? हसलीस त्यावरून कळलं. आता सांग, या गावात दुर्वा कुठे मिळतील?"

मी नुकतीच पुण्याहून नोकरीसाठी आले होते. मला बटाटे कुठे मिळतात तेही धड माहीत नव्हतं. पण काकूंनी त्याच आठवड्यात स्टेशनच्या सायकल स्टँडमागे, फरशीच्या फटीत दुर्वा शोधल्या. त्यांचे यजमान, अण्णा, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं, हे साधं गवत आहे." काकू म्हणाल्या, "तीन पानं आहेत ना? मग झालं. गणपतीला जर्मनीतलं कळतं." तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडे चहाला जायला लागले. त्यांचा मुलगा विनय गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर होता आणि घरी क्वचितच सापडायचा. त्याच्या वाटचा चहा आणि त्याच्या वाटची बोलणी, दोन्ही माझ्याकडे आली.

काकू कशासाठीही नवस बोलायच्या. परदेशी नागरिकांच्या ऑफिसात टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळावी म्हणून, वरच्या मजल्यावरच्या आजींचं मांजर सापडावं म्हणून, नोकरीतला माझा प्रोबेत्साइट, म्हणजे पक्कं होण्याआधीचा काळ, नीट पार पडावा म्हणून. (मी पक्की झाले तेव्हा मला न विचारता माझ्या नावानं पाच सोमवार उपास करून मोकळ्या झाल्या होत्या.) आणि बोललेलं फेडल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "बोललं ते बोललं. माणूस काय, देव काय, कुणाला ताटकळत ठेवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जर्मन त्यांना तीनच शब्द यायचे, जा (हो), गेनाऊ (अगदी बरोबर) आणि आल्झो (तर मग). एवढ्या भांडवलावर त्या वरच्या आजींशी तासभर गप्पा मारायच्या, आणि आजी जिना चढताना खूश दिसायच्या.

आयुष्यात त्यांचा एकच नवस राहिला होता. अण्णा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर होते. तरुणपणी एकदा वादळात त्यांचं जहाज बेपत्ता झालं, कित्येक दिवस काही पत्ता लागेना. काकू तेव्हा गुहागरला माहेरी होत्या. किनाऱ्यावर उभ्या राहून त्यांनी समुद्राला सांगितलं, "यांना सुखरूप आण. तुझ्या देवळात येऊन नारळ फोडीन." अण्णा आले, दाढी वाढलेले आणि चिडलेले. आणि मग काकूंच्या लक्षात आलं की समुद्राला देऊळच नसतं. त्या दरवर्षी नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडायच्या, भटजींनी तेवढं पुरे म्हणून सांगितलं होतं. काकूंना ते पटलं नाही. "मी देवळात येईन म्हटलं होतं. किनाऱ्यावर नव्हे."

अण्णांचं यावर ठाम मत होतं. "समुद्रानं काही केलेलं नाही. इंजिन बंद पडलं होतं, ते मी दुरुस्त केलं. पाना मी फिरवला. नवस फेडायचाच तर माझा फेड."

"तुमचा रोज दोन वेळा फेडतेच आहे," काकू म्हणायच्या आणि कुकर लावायला उठायच्या.

मग एका संध्याकाळी काकू माझ्या घरी आल्या होत्या. भिंतीवर औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर होतं. त्या महिन्याच्या पानावर निळ्या समुद्राच्या वर कड्यावर उभे पांढरे खांब होते. काकूंनी सहज विचारलं, "हे कुणाचं गं देऊळ?" मी खाली छापलेलं वाचून म्हटलं, "ग्रीसमधलं आहे. पोसायडनचं. म्हणजे त्यांचा समुद्रदेव." काकूंनी हातातला कप खाली ठेवला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "समुद्राचं देऊळ आहे?" त्या म्हणाल्या. "आहे? आणि मला आजवर कुणी सांगितलं नाही?"

त्याच सुमारास अण्णांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. अण्णांना त्याची भीती अशी नव्हतीच. "व्हॉल्व्ह बदलायचाय. जन्मभर तेच केलं." पण काकूंची झोप उडाली. त्यांचं गणित सरळ होतं. समुद्रानं माणूस परत दिला, त्याला कबूल केलेलं दिलं नाही, आता तो कुठल्या तोंडानं पुन्हा सांभाळेल? ऑपरेशनच्या आधी तिथे पोचायलाच हवं होतं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला हरकत घेतली नाही, विनयला रजा नव्हती, आणि मी त्यांच्याबरोबर जाणार हे काकूंनी परस्पर ठरवून टाकलं.

खरा घोळ नारळाचा झाला. जर्मन सुपरमार्केटात नारळ मिळतो, पण त्याच्या कवचावर मधोमध गोल खाच पाडलेली असते, म्हणजे फोडायला सोपा. अण्णा तो नारळ हातात घेऊन हरखून गेले. "बघ, कुठे फुटायचं तेसुद्धा आधी ठरवलंय. याला म्हणतात इंजिनिअरिंग!" काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून परत ठेवला. "आधीच चिरलेला नारळ देवाला? आणि शेंडी कुठाय?" शेंडीवाला, अखंड नारळ शेवटी एका श्रीलंकन तमिळ दुकानदाराकडे मिळाला. देवासाठी आहे म्हटल्यावर त्यानं पोत्यातले सगळे नारळ कानाशी हलवून त्यातला एक निवडून दिला. तो मोज्यांमध्ये गुंडाळून अथेन्सला आला.

अथेन्सहून दुपारी निघून रात्री परत आणणारी अर्ध्या दिवसाची सहल होती, जर्मन बोलणाऱ्या गाइडसह. गाइडचं नाव एलेनी. बसमध्ये आम्ही तिघं सोडलो तर सगळे निवृत्त जर्मन आजीआजोबा. समुद्राच्या कडेकडेनं बस निघाली आणि काकू शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिडकीला चिकटल्या. एलेनीनं नियम सांगितले. दोरीच्या आत जायचं नाही, दगडांना हात लावायचा नाही, खाणंपिणं वर न्यायचं नाही. "काय म्हणते?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि एलेनीकडे बघून गोड हसत म्हणाल्या, "गेनाऊ."

अण्णांना चढ नको म्हणून ते खाली कॅफेत बसले. देवळापाशी पोचताच काकूंनी चपला काढल्या. उन्हानं फरशा तापल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पण त्या पदर खोचून दोरीच्या बाहेरून प्रदक्षिणेला लागल्या. मी मागे. जरा वेळानं मी वळून बघितलं तर आमच्यामागे बसमधल्या दोन आजी होत्या, त्यांच्यामागे एक आजोबा, आणि सगळे अनवाणी! हा कार्यक्रमाचाच भाग असणार, असा त्यांचा समज झाला होता. त्यातल्या एका आजींनी मला श्रद्धेनं विचारलं, "किती फेऱ्या?" एलेनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लढाईचं वर्णन करत होती. तिनं मान वर केली तेव्हा तिचा अर्धा गट देवळाभोवती फिरत होता.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग काकूंनी नारळ बाहेर काढला आणि तो कशावर फोडावा म्हणून दगड शोधायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "काकू, इथला प्रत्येक दगड देवळाचा आहे!" तोवर पहारेकऱ्याची शिट्टी वाजलीच. तो धावत आला, नारळाकडे बोट दाखवून ग्रीकमध्ये ओरडला. काकूंनी त्याला "आल्झो" म्हणून बघितलं, पण या वेळी तो शब्द चालला नाही. आम्हाला खाली यावं लागलं. बस सुटायची वेळ झाली होती. नारळ पोटाशी धरून काकू पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दारात येऊन परत चालले," त्या म्हणाल्या. "आता यांचं काय होईल?" मला त्यांच्याकडे बघवेना.

एलेनी तणतणत आली होती. तिला मी जर्मनमध्ये सगळं सांगितलं, वादळ, जहाज, नवस, ऑपरेशन. ऐकता ऐकता तिनं काकूंच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तामा. आमच्याकडे याला तामा म्हणतात. माझी आजी बोलायची, आजोबा मासेमारीला गेले की." तिनं ड्रायव्हरला ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं, त्यात 'तामा' तेवढं मला कळलं. ड्रायव्हरनं छातीवर क्रॉसची खूण केली.

तेवढ्यात अण्णा कॅफेतून आले. त्यांनी काकूंच्या डोळ्यांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि काही न विचारता ड्रायव्हरकडे गेले. हातानं चाक फिरवल्याची खूण केली. ड्रायव्हरनं बसच्या पोटातून चाकाचा पाना काढून दिला. अण्णांनी चपला काढल्या. देवळाकडे तोंड करून नारळ डाव्या हातात धरला आणि एका घावात बरोब्बर दोन भकलं केली.

"पाना मीच फिरवला," ते म्हणाले.

"फिरवलात हो," काकू रडता रडता हसत म्हणाल्या. "समुद्रसुद्धा तेच म्हणत असेल."

परतताना एका छोट्या किनाऱ्याशी एलेनीनं बस थांबवली. काकूंनी पाण्यात पाय बुडवून एक भकल सोडलं, दुसऱ्याचे तुकडे करून साखरेबरोबर बसभर वाटले. आजीआजोबांनी हात पुढे करून प्रसाद घेतला. कुणीतरी गाणं सुरू केलं, काकूंनी त्यावर टाळ्या धरल्या, आणि अथेन्स येईपर्यंत बसमध्ये नुसता धिंगाणा होता. मी आयुष्यात इतकी हसले नसेन. अंधार पडल्यावर अण्णांचा डोळा लागला. तेव्हा काकू खिडकीतून समुद्राला हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन नीट होऊ दे. पुन्हा तुझ्या देवळात येईन, नारळ घेऊन."

"काकू!" मी म्हटलं. "पुन्हा?"

"आता पत्ता माहीत झालाय ना," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन उत्तम झालं. अण्णा डॉक्टरांना नव्या व्हॉल्व्हचा तपशील विचारून भंडावून सोडत होते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं ठरलं, पण काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी नक्की, असं ठरलं. आणि जानेवारीतल्या एका दुपारी काकू जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी ऑफिसातून धावत गेले तेव्हा ओट्यावर माझ्यासाठी चहाचा कप काढून ठेवलेला होता. तो बघून मी जी रडले, तशी पूर्वी कधी रडले नव्हते.

मे महिन्यात अण्णा माझ्या दारात उभे राहिले. एका हातात शेंडीवाला नारळ, दुसऱ्या हातात चाकाचा पाना. "तिकिटं काढशील?" त्यांनी विचारलं. "तीच अर्ध्या दिवसाची सहल. मी त्या रात्री बसमध्ये झोपलो नव्हतो."

मी त्यांच्या हातातला नारळ घेतला.

"माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "पण बोललं ते बोललं. कुणाला ताटकळत ठेवू नये."

विमानतळाला जायच्या दिवशी आम्ही फलाटावर उभे होतो. गाडीला उशीर. पाटीवरची मिनिटं वाढत चाललेली, विमान चुकणार हे उघड दिसत होतं. अण्णांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे तोंड करून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटले, "गणराया, गाडी आण. एकवीस दुर्वा वाहीन."

बोगद्यातून दिवे दिसले. अण्णांनी बॅग उचलली आणि जरासे ओशाळून मला म्हणाले, "त्या दुर्वा कुठे असतात, तुला ठाऊक आहे ना?"

"सायकल स्टँडच्या मागे," मी म्हटलं.