न दिसणाऱ्या थरावर नारळाचं पाणी

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. गेल्या फेब्रुवारीतल्या शनिवारी, जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात, विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनात, मुख्य पाहुण्यांनी नारळ फोडला त्या क्षणी. स्थळ-वेळ मुद्दाम सांगतेय. उद्या कुणी म्हणायला नको, असं काही झालंच नव्हतं.

बहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिने उजेड देणारा पट्टा केला होता, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याने दंडाला बांधायचा. खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर विजेने चमकणाऱ्या भुकटीचा लेप. वीज दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. पण वर पत्रा ठोकला तर उजेड बाहेर यायचा कुठून? म्हणून वरचा थर असा पाहिजे, जो वीज नेईल आणि उजेडाला अडवणार नाही. मोबाइलच्या काचेवरही असा थर असतो, पण तो वाकवला की तडकतो. बहिणीचा थर वाकणारा, वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचा. पुस्तकात त्याला ‘विद्युतवाहक बहुवारिक’ म्हणतात, आमच्या घरात ‘निळं पाणी’. बाटलीत निळं, ब्रशने लावून वाळवलं की जवळजवळ गायब.

पहिला नंबर आला तर पुण्यातली पुढची फेरी, आणि पुण्यात निवड झाली तर उन्हाळाभर खऱ्या प्रयोगशाळेत काम. त्या एका गोष्टीसाठी पोरीने दिवाळीची सुट्टी ब्रश घेऊन काढली होती.

आमच्या वडिलांना, अण्णांना, हे पटेना.

“प्लॅस्टिकातनं करंट? अगं, आपला वायरमन प्लॅस्टिकची चप्पल घालून डीपीत हात घालतो!”

“ते प्लॅस्टिक वेगळं, अण्णा.”

“बरं, मग तू नवं काय केलंस ते दाव.”

“हा वरचा थर.”

“कुठंय?”

“दिसत नाही. तेच त्याचं काम आहे.”

“दिसत न्हाई, आन् नंबर पायजे! लई भारी.”

तर तो शनिवार. परीक्षकांना थरावर मीटर टेकवून दाखवायचं म्हणून तिने वरून झाकण लावलं नव्हतं. थर उघडा. आणि आमच्याकडे नवं यंत्र म्हटलं की हळदीकुंकू आलंच. पूजेला माझा विरोध नाही, आमच्या ट्रॅक्टरलाही दसऱ्याला हार असतो. पण ट्रॅक्टर पाण्यात विरघळत नाही!

मुख्य पाहुण्यांनी एकेका टेबलाची यथासांग पूजा चालवली होती. बहिणीच्या पट्ट्यावर त्यांनी कुंकवाची पाच बोटं दाबून उठवली, अक्षता टाकल्या, वर नारळाचं पाणी शिंपडलं.

“सर, ओलं नको, तो थर...”

“असू दे गं, शुभ असतं,” शेजारचे प्राध्यापक म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण फोटोत ओघळ वाईट दिसतील म्हणून प्राध्यापकांनी ओल्या रुमालाने पट्टा पुसला. प्रेमाने, कोपऱ्याकोपऱ्यातून. तिची दिवाळी रुमालाला लागली.

मग परीक्षक आले. बहिणीने बटण दाबलं. अंधार.

“चालत नाही,” परीक्षक म्हणाले आणि कागदावर तेच लिहिलं.

मी पत्रकं काढणारी मुलगी. गप्प बसणं मला शिकवलेलंच नाही. “चालत होतं! पूजेनं बंद पडलंय! तसं लिहा!”

“असं लिहू? ‘पूजेमुळे बंद पडले’? अहो ताई, उद्या पाहुणे मलाच बंद पाडतील.”

माझ्या तोंडात ‘जाहीर निषेध’ तयार होता. बहिणीने माझा दंड धरला. “ताई, ओरडायचं नंतर. आधी कुठूनतरी केस वाळवायचं मशीन आण.”

मुलींच्या हॉस्टेलातून आणलं. पिशवीतल्या बाटलीत निळं पाणी थोडं उरलं होतं. तिने पुसूनही राहिलेलं कुंकू जमेल तेवढं कापसाने टिपलं, नवा थर ओढला, गरम हवेवर वाळवला. तोवर बक्षीस समारंभ उरकला. पहिला नंबर पाण्याची टाकी भरली की वाजणाऱ्या भोंग्याला गेला. परीक्षक गाडीत बसले.

तिने बटण दाबलं. लागला! हिरवट-निळा, अख्खा पट्टा. फक्त कुंकू मुरलं होतं तिथे पाच बोटं काळी. बघायला मी, आणि खुर्च्या आवरणारे दोन मंडपवाले.

“आयला, चमाकतंय की!” एक म्हणाला. “पण ही बोटं कुणाची वं?”

“मुख्य पाहुण्यांची.”

“मग ऱ्हाऊ द्या पावणं, फोटोपेक्षा झ्याक आलीत.”

बहीण हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी धावत प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, “निकाल लागला, आता बदलत नाही. पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी ती या कॉलेजात नसेल.

तुम्हीही कधीतरी कुठे पाहुणे असाल, हातात ताट असेल, समोर एखादी पोर आपलं काम मांडून उभी असेल. आधी तिला चालवून दाखवू द्या. नंतर तिला विचारा, हात लावू का. ती नको म्हणाली तर ताट खाली ठेवा.